आपल्या मापाची सायकल

(सायकल विकत घेताना आपण रंग पाहतो, किंमत विचारतो आणि घंटी वाजवून पाहतो. पण सायकल आपल्या मापाची आहे का, ती मजबूत आहे का, हे कसे ओळखावे? या पाठात ते सांगितले आहे.)

धाराशिव जिल्ह्यातील कळंब हे मांजरा नदीकाठचे तालुक्याचे गाव आहे. डिकसळ, इटकूर अशा आसपासच्या गावांतून अनेक मुले-मुली शिकण्यासाठी येथे येतात. कोणी एसटीने येतो, कोणी पायी, तर कोणी सायकलने. ज्याच्याकडे सायकल आहे, त्याची एसटी चुकली तरी शाळा चुकत नाही.

शाळा दूर आहे म्हणून मुलींचे शिक्षण सुटू नये, यासाठी महाराष्ट्र शासनाने मानव विकास कार्यक्रम राबवला. त्यात राज्यातील १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींसाठी सायकलची योजना आहे. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींना तिचा लाभ मिळतो. सायकल अशा मदतीतून येवो किंवा अब्बांनी साठवलेल्या पैशांतून येवो, ती वारंवार घेता येत नाही. म्हणून ती नीट पारखून घ्यायला हवी.

ईदसाठी कपडे शिवताना अम्मी शिंप्याला सांगते, "जरा वाढत्या अंगाचे शिवा." सैल कुर्ता घातल्याने काही बिघडत नाही. सायकलही अशीच वाढत्या अंगाची घ्यावी, असे अनेक घरांत वाटते. पाचवीतल्या मुलाला मोठ्या माणसाची सायकल दिली जाते. मग तो मधल्या नळीखालून पाय घालून 'कैची' चालवतो. त्याचे अंग एका बाजूला कलते आणि समोरून वाहन आले, तर त्याला पाय पटकन जमिनीवर टेकता येत नाही. जुन्या पद्धतीच्या काळ्या सायकलचे वजन सुमारे वीस किलो असते. ती अंगावर पडली, तर लहान मुलाला सावरत नाही. अंगापेक्षा बोंगा मोठा म्हणतात, तो हाच!

मग माप कसे पाहावे? मुलांच्या सायकली चाकाच्या आकारावरून ओळखल्या जातात. साधारणपणे ११५ ते १३५ सेंटिमीटर उंचीच्या मुलाला २० इंची चाकाची सायकल बरी पडते. १३५ ते १५० सेंटिमीटर उंची असेल, तर २४ इंची आणि त्याहून उंच मुलांना २६ इंची सायकल चालते. हा फक्त अंदाज आहे, कारण एकाच उंचीच्या दोन मुलांचे पाय सारखे लांब नसतात. म्हणून सायकल आणायला ज्याची सायकल त्यानेच दुकानात जावे.

दुकानात आधी सायकलची मधली नळी दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन उभे राहा. दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि नळी अंगाला लागता कामा नये. नंतर सीटवर बसा. दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. मग कोणाला तरी सायकल धरायला सांगा आणि टाच खालच्या पायडलवर ठेवा. पाय जवळजवळ सरळ झाला, तर सीटची उंची बरोबर आहे. हँडल धरताना पुढे फार वाकावे लागू नये.

पण तुम्ही तर दरवर्षी उंच होणार! त्याची सोय सीटच्या दांड्यात असते. आज सीट बरीच खाली ठेवून पाय टेकतात आणि पुढे ती वर घ्यायला भरपूर जागा उरते, अशी सायकल वाढत्या वयासाठी उत्तम. ती दोन-तीन वर्षे सहज पुरते. सीटच्या दांड्यावर एक खूण असते. ती खूण नेहमी नळीच्या आत झाकलेली राहिली पाहिजे. दांडा त्यापेक्षा वर ओढला, तर तो वाकतो किंवा मोडतो.

माप जमले की ब्रेक पाहा. ब्रेकची मूठ तुमच्या बोटांना सहज पोहोचली पाहिजे. ती पूर्ण दाबल्यावरही हँडलला चिकटता कामा नये. सायकल थोडी चालवून दोन्ही ब्रेक लावून पाहा. वेगात असताना फक्त पुढचा ब्रेक एकदम दाबू नका, कारण मागचे चाक उचलले जाऊन आपण पुढे फेकले जातो. पावसात रिम ओली होते आणि ब्रेकचे रबर नीट पकडत नाही. तेव्हा ब्रेक थोडा आधीच लावावा.

आता मजबुती पाहू. सायकल उचलून चाक फिरवा. चाक डावी-उजवीकडे डोलत असेल, तर त्याला 'आउट' आहे, तो काढून घ्यावा. क्रँक धरून हलवा. खडखड झाली, तर आतले छर्रे सैल आहेत. नळ्या जेथे जोडल्या आहेत, तेथे आणि पुढच्या चिमट्यावर नीट नजर टाका. जुनी सायकल घेत असाल, तर हे फारच जरुरीचे आहे. नव्या रंगाखाली जुनी चीर लपलेली असू शकते.

काही गोष्टी आपल्या मुलखाप्रमाणे ठरवाव्यात. येथे पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल होतो. तो मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये अडकून चाक जाम करतो. म्हणून या दोहोंत मोकळी जागा असावी. बांधावरच्या बाभळीचे काटे टायरमध्ये घुसतात, म्हणून टायर जाड रबराचे घ्यावे. कळंबच्या आसपासचे रस्ते बरेचसे सपाट आहेत. त्यामुळे गिअरसाठी जास्त पैसे मोजण्याची गरज नाही. ते पैसे चांगल्या ब्रेकसाठी आणि टायरसाठी खर्च करावेत. मुलींच्या सायकलला पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी जरूर असावी, म्हणजे ओढणी किंवा सलवार अडकत नाही.

कळंब तालुक्यात रांजणी येथे साखर कारखाना आहे. हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावरून ये-जा करतात. ट्रॉलीच्या चालकाला कडेचा सायकलस्वार लवकर दिसत नाही. म्हणून मागे लाल आणि पुढे पांढरे चमकपट्ट लावून घ्या. घंटी चालू ठेवा आणि डाव्या कडेने चाला. अशा वेळी चटकन पाय टेकून उभे राहता आले, तर जीव वाचतो. मापाच्या सायकलचे खरे मोल तेथे कळते.

तुम्हांला एक गोष्ट ठाऊक आहे का? हवा भरलेले सायकलचे टायर एका लहान मुलामुळे जगापुढे आले. बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप नावाचे जनावरांचे डॉक्टर राहत होते. त्यांच्या मुलाच्या तीनचाकी सायकलला कडक टायर होते. खडबडीत रस्त्यावर त्याला फार हादरे बसत. तेव्हा डनलॉप यांनी रबराच्या नळीत हवा भरून चाकाला बसवली. १८८८ मध्ये त्यांनी त्याचे पेटंट घेतले. मुलाला सुख व्हावे म्हणून केलेली युक्ती साऱ्या जगाच्या कामी आली.

मुलांनो, सायकल आणल्यावर तिची निगा राखा. चेनला तेल द्या, हवा वेळेवर भरा आणि चिखल लगेच धुऊन टाका. तुम्ही उंच व्हाल, तेव्हा ती धाकट्या भावाला किंवा बहिणीला द्या. मात्र आधी त्यांचे पाय जमिनीला टेकतात का, हे पाहायला विसरू नका.

शब्दार्थ
पारखणे – नीट तपासून पाहणे
अंगापेक्षा बोंगा मोठा – मूळ गोष्टीपेक्षा तिचा पसारा मोठा असणे
चवडा – पायाच्या तळव्याचा पुढचा भाग
निगा राखणे – काळजी घेणे

स्वाध्याय
१. मोठ्या मापाची सायकल लहान मुलाला का देऊ नये?
२. सीटची उंची बरोबर आहे, हे कसे ओळखाल?
३. कळंबच्या परिसरात टायर जाड का असावे?
४. तुमच्या घरची सायकल तपासा आणि काय आढळले ते पाच वाक्यांत लिहा.