विश्लेषण : गोल्फमधील ‘चिप’ फटका का फसतो? होव्हलंडने तो कसा सुधारला?

नॉर्वेचा गोल्फपटू व्हिक्टर होव्हलंड याने फेब्रुवारी 2020 मध्ये पोर्टो रिको ओपन जिंकून पीजीए टूरवरील पहिले विजेतेपद मिळवले. मात्र त्याच दिवशी एका होलवर ग्रीनजवळचे फटके फसल्याने त्याला पारपेक्षा तीन फटके जास्त लागले होते. चिपिंग ही आपली कमकुवत बाजू असल्याची कबुली त्याने विजयानंतर स्वतःच दिली. तीन वर्षांनी हेच चित्र पालटले.

चिप फटका म्हणजे काय?

चेंडू ग्रीनच्या अगदी बाहेर असताना मारलेला छोटा, कमी उंचीचा फटका म्हणजे चिप. यात चेंडू हवेत कमी आणि जमिनीवर जास्त अंतर जातो.

तो इतका महत्त्वाचा का?

पार-4 होलवर दोन फटक्यांत ग्रीन गाठणे आणि दोन पटमध्ये चेंडू होलमध्ये घालणे अपेक्षित असते. ग्रीन हुकले, तर चिप होलजवळ थांबवून एकाच पटमध्ये काम संपवावे लागते. अव्वल व्यावसायिकांचेही साधारण तीनपैकी एक ग्रीन हुकते. हौशी खेळाडूंचे त्याहून कितीतरी जास्त.

चूक नेमकी कुठे होते?

चेंडू ‘उचलण्याच्या’ प्रयत्नात. खेळाडू मागच्या पायावर रेलतो आणि मनगट वळवतो. त्यामुळे क्लबच्या झोक्याचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे सरकतो. मग क्लब आधी जमिनीत रुततो किंवा वर येताना चेंडूच्या मध्यावर आदळतो. पहिल्या चुकीत चेंडू जागीच राहतो, तर दुसरीत ग्रीनपलीकडे जातो.

मग फटका कसा मारावा?

पाय जवळ ठेवावेत, वजन पुढच्या पायावर असावे आणि हात चेंडूच्या किंचित पुढे. खांदे फिरवून, मनगट शांत ठेवून वरून खाली फटका मारावा. चेंडू उचलण्याचे काम क्लबच्या तिरक्या पात्याचे आहे.

क्लब कोणता निवडावा?

यासाठी ‘12 चा नियम’ उपयोगी पडतो. 12 मधून आयर्नचा क्रमांक वजा करा. पिचिंग वेजला 10 धरा. उरलेला आकडा म्हणजे हवेतील अंतराच्या किती पट चेंडू घरंगळेल, याचा अंदाज. समजा, होल 15 पावलांवर आहे. 8 आयर्नने चेंडू 3 पावले उडेल, 12 पावले घरंगळेल. पिचिंग वेजने 5 उडेल, 10 घरंगळेल. चेंडू ग्रीनवरच टप्पा घेईल असा क्लब निवडावा. हे गणित सपाट, मध्यम वेगाच्या ग्रीनसाठी आहे. उतारावर चेंडू जास्त घरंगळतो, चढावर कमी.

सराव कसा करावा?

टप्पा पडायला हवा तिथे एक टॉवेल पसरावा आणि होलऐवजी त्यावर नेम धरावा. नंतर एकाच चेंडूने चिप आणि पट दोन्ही पूर्ण करावेत. सामन्यात दुसरी संधी नसते.

होव्हलंडने काय केले?

2023 मध्ये त्याने प्रशिक्षक जो मेयो यांच्यासोबत चिपिंगचे तंत्र बदलले. क्लब चेंडूवर अधिक उभ्या कोनातून खाली आणण्यावर भर दिला. त्याच वर्षी त्याने मेमोरियल, बीएमडब्ल्यू चॅम्पियनशिप आणि टूर चॅम्पियनशिप जिंकून फेडेक्स कपही पटकावला. लांब पल्ल्याचे फटके त्याच्याकडे आधीपासूनच होते. उणीव होती ती ग्रीनभोवतीच्या काही पावलांत.