सर्व्हर सांभाळणाऱ्याला काय आले पाहिजे?

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे शब्द बँकेत, रेशन दुकानात आणि सेतू केंद्रात आपण सर्वांनी ऐकले आहेत. मात्र सर्व्हर ही केवळ मोठ्या कचेऱ्यांची वस्तू आहे, अशी आमच्या अनेक व्यापारी बांधवांची समजूत दिसते. ती बरोबर नाही. भंडाऱ्यातील एखाद्या पितळी भांड्यांच्या पेढीत मालक, मुनीम आणि गोदामावरचा माणूस असे तिघे आपापल्या संगणकावरून टॅलीच्या एकाच हिशेबात नोंदी करीत असतील, तर तो हिशेब ज्या संगणकावर ठेवला आहे तोच त्या पेढीचा सर्व्हर होय. तुमसरकडील राईस मिलमध्ये धानाची आवक, बारदाना, उधारी, ई-वे बिल हे सारे त्यावरच असते. तो बंद पडला की दारात ट्रक उभे राहतात.

हे यंत्र सांभाळणाऱ्याचे पहिले कौशल्य ते चालू ठेवण्याचे, असे आपण समजतो. आमच्या मते पहिले कौशल्य बंद पडलेले काम पुन्हा उभे करण्याचे आहे. मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरातील एक घटना पाहावी.

२७ जून २०१७ रोजी तेथील एका टर्मिनलचे संगणक एकाएकी निकामी झाले आणि कंटेनर अडकून पडले. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मेर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचे. ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्राम युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून शिरला आणि जगभर पसरला. मेर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. कोणत्या कर्मचाऱ्याला कोणती फाईल उघडता येईल, याची वही ज्या सर्व्हरवर असते त्याला डोमेन कंट्रोलर म्हणतात. मेर्स्ककडे असे सुमारे दीडशे सर्व्हर होते व प्रत्येकावर तीच वही होती. परंतु सारे एकमेकांना जोडलेले, म्हणून सारे एकदमच गेले. वाचला तो आफ्रिकेतील घाना येथील एकच, कारण तेथे त्या वेळी वीज गेली होती! लोडशेडिंगने कोणाचे भले केल्याचे आमच्या ऐकिवातील हे एकमेव उदाहरण होय.

यावरून एक भेद नीट समजून घ्यावा. पुष्कळ ठिकाणी सर्व्हरमध्ये दोन डिस्क बसवून दोन्हींवर एकाच वेळी मजकूर लिहिला जातो व मालकास ‘बॅकअप आहे’ असे सांगितले जाते. तो बॅकअप नव्हे. एक डिस्क बिघडली तर दुसरी उपयोगी पडेल हे खरे. परंतु मुनीमाने चुकून खाते पुसले तर ते दोन्हींवरून पुसले जाते. खरी नक्कल ती, जी काम झाल्यावर यंत्रापासून वेगळी काढली जाते. जाणकार तीन प्रती ठेवावयास सांगतात : दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी. दुसरी जागा म्हणजे त्याच कपाटाचा वरचा कप्पा नव्हे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचे पाणी भंडारा शहरात शिरले होते, हे आपण विसरलेलो नाही. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात.

घेतलेली नक्कल उघडते की नाही, हे मात्र फार थोडे लोक पाहतात. महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर चढवून मागील आठवड्याचे एखादे बिल काढून पाहावे.

दुसरे कौशल्य किल्ल्यांचे. तिजोरीची किल्ली आपण हमालाच्या हाती देत नाही. परंतु सर्व्हरचा मुख्य पासवर्ड दुकानभर ठाऊक असतो. ज्याला बिल करावयाचे त्याला बिलापुरतीच मुभा असावी, आणि नोकरी सोडून गेलेल्याचे खाते त्याच दिवशी बंद व्हावे. नॉटपेट्या एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेला तो बव्हंशी अशा चोरलेल्या मुख्य पासवर्डांच्या जोरावर.

त्याचा दुसरा मार्ग विंडोजमधील एक दोष हा होता. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती, म्हणजे तीन महिने आधी. सबब अपडेट टाळू नये. मात्र मुख्य यंत्रावर टाकण्यापूर्वी ते एका साध्या संगणकावर करून पाहावे आणि त्याआधी नक्कल घ्यावी.

याखेरीज यूपीएसची बॅटरी तपासणे, घड्याळ बरोबर ठेवणे, कोण केव्हा आत आले याची नोंद वाचणे ही रोजची कामे आहेत. केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने कंपन्यांना अशा नोंदी १८० दिवस जपण्यास आणि हल्ला लक्षात येताच ६ तासांत कळविण्यास सांगितले आहे.

ज्या घरातील मुलांना हे काम शिकावयाचे आहे, त्यांनी केवळ महागड्या क्लासची वाट पाहू नये. लिनक्स ही प्रणाली विनामूल्य मिळते व जुन्या संगणकावरही चालते. त्यावर खाती उघडावी, मुभा द्यावी, सारे मुद्दाम मोडावे आणि नकलेवरून पुन्हा उभे करावे. आणि पेढीसाठी माणूस नेमताना मालकाने त्याच्यापुढे कोरा संगणक व कालची नक्कल ठेवावी, हिशेब चालू करून दाखवावयास सांगावे आणि लागलेला वेळ लिहून घ्यावा.