गच्चीवरचा पांढरा हात

बंगळुरूच्या पीण्यातल्या एका छोट्या कारखान्याची गच्ची. रंगारी सकाळी सातलाच आले, पण रंगाचा डबा बराच वेळ बंदच होता. आधी तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडलं, मग पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धूळ काढली. भेगा मोकळ्या करून भरल्या, पाणी जायच्या तोंडाशी बोट फिरवून पाहिलं. मुकादम बिदर जिल्ह्यातल्या भालकीकडचे, मराठी बोलणारे. म्हणाले, "रंग कुणी बी मारतंय साहेब, धुवायचा कंटाळा करतेत लोकं."

गच्ची पूर्ण वाळली, तेव्हा कुठे प्राइमर आणि मग पांढऱ्या लेपाचा पहिला हात. दुसरा हात आडवा, पहिल्याला काटकोनात, म्हणजे राहिलेली जागा झाकली जाते. प्रत्येक हात सकाळी, उन्हं चढायच्या आत. स्लॅब तापला की लेप पसरायच्या आधीच सुकतो आणि रोलरचे पट्टे उठतात.

डब्यावर लिहिलेलं, 'अवकाश तंत्रज्ञानावर आधारित'. याच पीण्यातल्या शेडमध्ये 'आर्यभट्ट' हा उपग्रह घडला आणि 19 एप्रिल 1975 रोजी अवकाशात गेला. तिथे हवा नाही, त्यामुळे उपग्रहाला उष्णता बाहेर टाकायची तर ती प्रारणानेच. म्हणून त्याच्या पृष्ठभागाच्या दोन गोष्टी मोजतात: ऊन किती शोषतो आणि स्वतःची उष्णता किती सोडतो. गच्चीच्या लेपाचीही हीच दोन मापं. नवा चांगला पांढरा लेप सुमारे 80 टक्के ऊन परतवतो, जुनं काळवंडलेलं काँक्रीट बहुतेक ऊन पिऊन टाकतं.

पण लेपातले सिरॅमिकचे पोकळ मणी उष्णता अडवतात, या जाहिरातीवर माझा भरवसा नाही. मिलिमीटरभरही जाडी नसलेला थर थर्मोकोलची जागा घेणार कसा? अमेरिकेत तर उष्णतारोधाचे फुगवलेले दावे केल्याबद्दल 2020 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने अशा लेपांच्या चार कंपन्यांना कोर्टात खेचलं. काम करतो तो पांढरेपणा, आणि धूळ बसली की तोही उतरतो.

28 एप्रिल 2024 रोजी बंगळुरूचा पारा 38.5 अंशांवर गेला होता. थंड हवेची म्हणून ओळखली जाणारी ही नगरी आता गच्च्या रंगवू लागली आहे, ते बरंच आहे. फक्त डबा घेताना दुकानदाराकडे परावर्तन आणि उत्सर्जन यांचा चाचणी अहवाल मागा, तीन वर्षं ऊनपाऊस खाल्ल्यानंतरचे आकडेही मागा, आणि दर फेब्रुवारीत गच्ची धुऊन घ्या.