पायलट मुलगा, कंपनीचा बाँड आणि दिलेला शब्द

वाचकांची पत्रे आमच्याकडे बहुधा लग्न, वारसा, कर्ज आणि मुलांचे शिक्षण या विषयांवर येतात. गेल्या महिन्यात आलेले एक पत्र मात्र वेगळे होते. मराठवाड्यातील उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या एका शिक्षकांनी ते लिहिले आहे. त्यांचा मुलगा छोट्या शहरांना जोडणाऱ्या एका विमान कंपनीत सहवैमानिक आहे. मुलाच्या शिक्षणासाठी त्यांनी प्लॉट विकला, उरलेली रक्कम भावाकडून कर्ज-ए-हसना म्हणून घेतली. परवाना हातात आल्यावरही दीड वर्ष नोकरी नव्हती. शेवटी या छोट्या कंपनीने त्याला घेतले, एटीआर विमानाचे प्रशिक्षण स्वतःच्या खर्चाने दिले आणि त्या बदल्यात तीन वर्षांचा बाँड लिहून घेतला. आता दोन वर्षे झाली आहेत आणि एका मोठ्या कंपनीचे बोलावणे आले आहे. पगार जवळपास दुप्पट, पण महिनाभरात हजर व्हा म्हणतात.

शिक्षक विचारतात, ''मुलगा म्हणतो, सगळेच असे सोडून जातात. कंपन्या तर एका रात्रीत बंद पडतात, तेव्हा त्यांना कोण विचारते? मग शब्द आमच्याच मुलाने का पाळायचा?''

प्रश्न एका घरचा असला तरी विचार सर्वांनी करावा असा आहे. आज आपल्या वस्त्यांमधूनही मुले-मुली या क्षेत्राकडे वळत आहेत. हैदराबादच्या एका बेकरी कामगाराची मुलगी सय्यदा सल्वा फातिमा वैमानिक झाली, तेव्हापासून तर अनेक घरांत हे स्वप्न बोलून दाखवले जाऊ लागले. म्हणून शिक्षकांना उत्तर देण्यापूर्वी आम्ही या व्यवसायाची रीत समजून घेतली.

छोट्या कंपनीत वैमानिक का टिकत नाहीत?

27 एप्रिल 2017 रोजी केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेतील पहिली विमाने उडाली. शिमला-दिल्लीबरोबर त्यात आपले नांदेड-हैदराबादही होते. पुढे जळगाव, कोल्हापूर, नाशिक आणि सिंधुदुर्ग ही नावे विमानाच्या वेळापत्रकात आली. नांदेडचा मार्ग ट्रूजेट ही कंपनी चालवत होती. फेब्रुवारी 2022 मध्ये तिची उड्डाणे थांबली.

या मार्गांवर बहुधा एटीआर-72 हे पंख्याचे विमान चालते. सत्तरच्या आसपास प्रवासी बसतात आणि आखूड धावपट्टीवरही ते उतरते. उडान योजनेत सुमारे निम्म्या जागांचे भाडे ठरवून दिलेले होते, तासाभराच्या प्रवासाला साधारण 2,500 रुपये. कंपनीची तूट सरकार तीन वर्षे भरून देणार होते. त्यानंतर कंपनीने स्वतःच्या पायावर उभे राहायचे. जागा कमी, भाडे मर्यादित आणि इंधन महाग. अशा कंपनीने मोठ्या कंपनीएवढा पगार द्यायचा कुठून?

समोर मोठ्या कंपन्या उभ्या आहेत. 2023 मध्ये एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 विमानांची मागणी नोंदवली. एवढ्या विमानांना वैमानिक लागणारच. त्यात इंडिगोकडे डिसेंबर 2017 पासून एटीआर विमानेही आहेत. म्हणजे छोट्या कंपनीने ज्या विमानाचे प्रशिक्षण दिले, तेच विमान मोठी कंपनीही उडवते. तयार माणूस उचलणे तिला सोपे जाते. शिवाय आखाती कंपन्यांची मोठी जेट विमाने आणि करमुक्त पगार प्रत्येक तरुण वैमानिकाच्या डोळ्यांसमोर असतातच.

परवान्याची रीतही या गळतीला हातभार लावते. बारावीला भौतिकशास्त्र व गणित, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि 200 तासांचे उड्डाण झाले की व्यावसायिक परवाना मिळतो. त्यावर सहवैमानिक होता येते. कॅप्टन होण्यासाठी जो वरचा परवाना लागतो, त्याला 1,500 तासांचे उड्डाण हवे. वर्षाला 1,000 तासांपेक्षा जास्त उडवण्यास नियमाने मनाई आहे. म्हणजे नव्या मुलाला तेवढे तास जमवायला दोन-तीन वर्षे सहज लागतात. ही वर्षे तो छोट्या कंपनीत काढतो आणि कॅप्टन होण्याजोगा झाला की निघून जातो. कंपनी पुन्हा नवा मुलगा घेते, त्याला शिकवते, तोही तास मोजत बसतो.

एक कॅप्टन गेला तर काय बिघडते, असे प्रवाशाला वाटेल. पण एक विमान रोज सकाळपासून रात्रीपर्यंत चालवायचे तर वैमानिकांच्या साधारण पाच-सहा जोड्या लागतात. त्यांना विश्रांती सक्तीची आहे. नव्या नियमांनी आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेली, आणि ते योग्यच आहे. थकलेल्या माणसाच्या हाती सत्तर जीव द्यायचे नसतात. पण माणसे मोजकी असली की एक गेल्याबरोबर वेळापत्रक कोलमडते. डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात देशातल्या सर्वात मोठ्या कंपनीलाही या नियमांप्रमाणे वैमानिकांची जुळवाजुळव करता आली नाही आणि हजारो उड्डाणे रद्द झाली. दोन-चार विमानांच्या कंपनीचे काय होत असेल! जळगाव किंवा नांदेडसारख्या ठिकाणी विमाने मोजकीच असतात. एखादे रद्द झाले की मुंबईत ऑपरेशनसाठी निघालेला रुग्ण अडकतो आणि जिद्दाचे पुढचे विमान धरायला निघालेल्या उमराच्या यात्रेकरूंची गाठोडी विमानतळावरच राहतात.

नियम काय सांगतो?

नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, 2017 मध्ये नियम केला की नोकरी सोडताना कॅप्टनने एक वर्ष आणि सहवैमानिकाने सहा महिने आधी नोटीस द्यावी. त्या काळात वैमानिकाने नेमून दिलेले उड्डाण नाकारू नये आणि कंपनीनेही त्याचे हक्क रोखू नयेत. कंपनीने लेखी ना-हरकत दिली तर ही मुदत कमी होऊ शकते. वैमानिकांच्या संघटनांना हा नियम जाचक वाटतो. त्यांनी त्याला न्यायालयात आव्हानही दिले.

नियम असूनही तो मोडला जातो. ऑगस्ट 2022 मध्ये सुरू झालेल्या अकासा एअर या नव्या कंपनीचे 43 वैमानिक वर्षभरातच नोटीस न पाळता गेल्याचे कंपनीने सप्टेंबर 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात सांगितले. उड्डाणे रद्द करावी लागली. तेव्हा डीजीसीएने, कंपनी आणि वैमानिक यांच्यातील नोकरीच्या करारात आम्हाला हात घालता येत नाही, अशी भूमिका मांडली. म्हणजे कागदावर नियम आहे, पण शेवटी भिस्त माणसाच्या शब्दावरच.

शब्द दोन्ही बाजूंचा असतो

आता शिक्षकांच्या मुलाचा सवाल. कंपन्या एका रात्रीत बंद पडतात, हे तो खोटे बोलत नाही. 17 एप्रिल 2019 रोजी जेट एअरवेज थांबली, तेव्हा वैमानिकांचे कित्येक महिन्यांचे पगार थकलेले होते. मे 2023 मध्ये गो फर्स्टची विमाने जमिनीवर आली. वैमानिकांनी सोडून जाऊ नये म्हणून त्या कंपनीने कॅप्टनला दरमहा एक लाख आणि सहवैमानिकाला पन्नास हजार रुपये जास्तीचे देऊ केले. पण विमानेच उडत नसतील तर कबूल केलेल्या रकमेवर कोण विसंबणार? माणसे निघून गेली आणि त्यांना दोष देता येत नाही.

इस्लामने करार हा एकट्या नोकराच्या गळ्यातला फास मानलेला नाही. सूरह अल-माइदाच्या पहिल्याच आयतीत करार पूर्ण करण्याची आज्ञा आहे आणि ती सर्व श्रद्धावंतांना आहे, मालक असोत की चाकर. वचन मोडणे हे ढोंगी माणसाचे लक्षण असल्याचे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले. पूर्ण काम करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः उभा राहील, असाही इशारा हदीसमध्ये आहे. तेव्हा कंपनी पगार थकवत असेल, विश्रांतीचे नियम मोडून उडायला लावत असेल, तर मुलाने वकिलाचा सल्ला घेऊन करारातून सुटका मागावी. तो त्याचा हक्क आहे.

पण आम्ही शिक्षकांना फोनवर विचारले, ''या कंपनीने तुमच्या मुलाचा पगार कधी थकवला का?'' ते म्हणाले, ''नाही, सात तारखेला जमा होतो.'' ''शिकवायचे कबूल केले ते शिकवले का?'' ''शिकवले.'' मग तिसऱ्याच एखाद्या कंपनीने कोणाला फसवले, त्याची वसुली या कंपनीकडून करता येणार नाही. दुसऱ्याची चूक आपल्या वचनभंगाची सबब होत नाही.

कंपन्यांनी काय करावे?

केवळ बाँडच्या धाकाने माणूस मनापासून टिकत नाही, हेही तितकेच खरे. अमेरिकेत प्रादेशिक कंपन्यांचा पगार वर्षानुवर्षे फार कमी होता. फेब्रुवारी 2009 मध्ये बफेलोजवळ अशाच एका कंपनीचे विमान कोसळून 50 जण दगावले. त्यानंतर वैमानिकांचे अपुरे वेतन, थकवा आणि प्रशिक्षण यांची मोठी चर्चा झाली. 2013 पासून सहवैमानिकालाही 1,500 तासांची अट लागू झाली. नवे वैमानिक कमी पडू लागले. अखेर जून 2022 मध्ये एन्व्हॉय आणि पीडमाँट या कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाचा दर तासाला सुमारे 90 डॉलरपर्यंत वाढवला. या दोन्ही कंपन्या अमेरिकन एअरलाइन्सच्याच आहेत. त्यांच्याकडे ठरावीक काळ काम केलेल्याला क्रमाने मोठ्या कंपनीत जाण्याची वाटही असते. म्हणजे जाणाऱ्याला अडवण्यापेक्षा त्याच्या जाण्याची रीत लावून दिली.

आपल्या छोट्या कंपन्यांना एवढा पगार जमणार नाही. पण महिनाभराची ड्युटी आधी सांगणे, घराजवळचा तळ देणे, कॅप्टन कधी करणार ते लेखी देणे आणि बाँडची रक्कम प्रत्यक्ष खर्चाच्या प्रमाणात ठेवून दरवर्षी कमी करत जाणे, एवढे तर जमण्यासारखे आहे.

पालकांनी आधीच विचारावे

बारामती, गोंदिया, धुळे, नागपूर येथे प्रशिक्षणाची सोय आहे. भारतात परवान्याचा खर्चच चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. विशिष्ट विमानाच्या प्रशिक्षणाचा, म्हणजे टाइप रेटिंगचा, खर्च निराळा. काही मोठ्या कंपन्यांच्या कॅडेट योजनेत तर आकडा कोटीवर जातो. परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळाली, असे नाही. पैसे भरण्यापूर्वी मुलाची पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. प्लॉट विकल्यावर डोळ्यांत दोष निघाला, असे होऊ नये. बँकेच्या कर्जावर व्याज येते, त्याबद्दल आपल्या विश्वासातील आलिमांना आधी विचारावे. राहते घर मात्र गहाण टाकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. बहिणींच्या हिश्श्याला तर हात लावूच नये. बहिणीलाच वैमानिक व्हायचे असेल तर तिचाही विचार व्हावा. आपल्या देशात महिला वैमानिकांचे प्रमाण जगाच्या सरासरीच्या कितीतरी पुढे आहे.

नोकरी मिळाल्यावर करार घरी आणून शांतपणे वाचावा. बाँड किती वर्षांचा? मध्येच सोडल्यास किती भरायचे? नोटीस किती? कंपनीनेच काढून टाकले तर बाँडचे काय? सहीच्या घाईत ही चार उत्तरे राहून जातात आणि दोन वर्षांनी घरात भांडण उभे राहते.

शिक्षकांना आम्ही एवढेच सुचवले. मुलाने राजीनामा आजच द्यावा, पण नियमाप्रमाणे सहा महिन्यांची नोटीस देऊन. उरलेल्या वर्षाच्या बाँडचे किती भरायचे, ते कंपनीकडून लेखी मागावे. लवकर सोडण्याची विनंतीही करावी, कंपनी मान्य करील किंवा करणार नाही. मोठ्या कंपनीला खरे ते सांगावे आणि मुदत मागावी.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. मुलगा दोन दिवस अब्बांशी बोलला नव्हता. मग त्याने नोटीस दिली. छोट्या कंपनीने चार महिन्यांनी सोडायचे कबूल केले आणि बाँडची उरलेली रक्कम हप्त्यांनी भरायला सवलत दिली. मोठ्या कंपनीने अजून होय म्हटलेले नाही. पुढच्या तुकडीत बघू, एवढेच सांगितले आहे. शिक्षक म्हणाले, ''नोकरी गेली तर?'' आम्ही त्यांना खोटा दिलासा दिला नाही. जाऊ शकते. पण रिज्क देणारा अल्लाह आहे, आणि तास तर मुलाचे वाढतच आहेत. तोपर्यंत रोज सकाळी त्याच्या विमानात सत्तर माणसे बसतात आणि ठरल्या वेळी आपल्या गावी पोहोचतात. अल्लाह त्याला आणि त्याच्यासारख्या सर्व मुलामुलींना सुखरूप ठेवो. आमीन.