पोष ग्रंथीच्या आड दडलेला रक्तरोग

रक्ताचा कर्करोग म्हटला कीं फिकट चेहरा, रेंगाळणारा ताप आणि हिरड्यांतून वाहणारें रक्त हीं लक्षणें डोळ्यांपुढें येतात. परंतु हा रोग क्वचित् मस्तकाच्या तळाशीं, पोष ग्रंथीच्या शेजारीं, गांठीच्या रूपानें प्रथम प्रकट होतो, ही गोष्ट सुशिक्षित घरांतूनही फारशी परिचित नाहीं. म्हणून तिजविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे.

पोष ग्रंथी वाटाण्याएवढी. वजन सुमारें अर्धा ग्रॅम. नाकाच्या मागें, कवटीच्या तळच्या हाडांतील ज्या खळग्यांत ती बसते, त्यास आकारावरून 'तुर्की खोगीर' असें नांव पडलें आहे. तिच्या वर दोन्ही डोळ्यांचे दृष्टितंतु एकमेकांस ओलांडतात, आणि दोहों बाजूंनीं डोळे फिरविणारे तंतु जातात.

येथील बहुतेक गांठी ग्रंथीच्याच पेशींपासून होणाऱ्या व सौम्य असतात. त्या हळूहळू वाढून बाजूची दृष्टि हिरावतात आणि अंतःस्रावांत बिघाड करतात. परंतु भोंवतालच्या हाडांत अस्थिमज्जाही असते. तींतील प्रतिकारक द्रव्यें बनविणाऱ्या पेशी बेसुमार वाढल्या, तर तेथेंच अर्बुद उद्भवतें. कधीं लसीका-पेशींचा कर्करोग, तर कधीं श्वेतपेशींच्या अपक्व पेशींची गांठ येथें येते. ह्या शेवटच्या गांठीस तिच्या हिरवट छटेमुळें १८५३ सालीं 'क्लोरोमा' हें नांव मिळालें.

चित्रांत ह्या गांठी सौम्य गांठीसारख्याच दिसूं शकतात; परंतु कांहीं खुणा वैद्यास सावध करतात. एका वस्तूच्या दोन दिसणें, डोळा बाहेरच्या बाजूस न वळणें, पापणी खालीं पडणें, तीव्र मस्तकशूळ, हाड पोखरलें जाणें, आणि इतकें होऊनही अंतःस्राव बव्हंशीं शाबूत असणें, ह्या त्या खुणा होत. लसीका-पेशींच्या गांठींत कधीं अतिशय तहान लागून मूत्र फार होतें. पण त्यांत साखर सांपडत नाहीं.

अखेरचा निवाडा सूक्ष्मदर्शकाचा. नाकावाटे गांठीचा तुकडा काढून विशेष रंजकांनीं तपासला म्हणजे पेशींचें कुळ उघड होतें. पुढें अस्थिमज्जेची तपासणी होते, आणि रक्तांत व मूत्रांत विशिष्ट प्रथिन शोधितात. लंडनच्या हेन्री बेन्स जोन्स ह्यांनीं अशाच एका मूत्रांतील प्रथिनाचें वर्णन १८४७ सालीं प्रसिद्ध केलें होतें.

ह्या निवाड्यावर सर्व उपचार अवलंबून असतात. सौम्य गांठ शस्त्रानें काढली कीं बहुधा काम भागतें. कांहीं तर गोळ्यांनींच आकसतात. परंतु रक्तरोगाची गांठ शस्त्रानें संपत नाहीं. तिला किरणोपचार अथवा सर्व शरीरांत पोंचणारीं औषधें लागतात. अस्थिमज्जेच्या एकाकी गांठीनंतर कांहीं वर्षांनीं तोच रोग इतर हाडांत व्यापक रूपानें येऊं शकतो. म्हणून बरें वाटूं लागल्यावरही नियमित तपासणी टाळूं नये.

घरांतील वडील मंडळींस एकाएकीं दोन-दोन दिसूं लागलें, तर वयाचा दोष म्हणून केवळ चष्मा बदलण्यावर भागवूं नये. तसेंच पोष ग्रंथीची शस्त्रक्रिया झाल्यावर काढलेल्या तुकड्याचा अहवाल मागून घ्यावा, व तो जपून ठेवावा. बहुतेक घरांस हा अहवाल दिलासाच देईल; एखाद्या घरीं मात्र तोच योग्य उपचाराचें दार वेळींच उघडील.