गोठा लाल का नाही?

धुळे-सोलापूर महामार्गावर वडीगोद्रीच्या आसपास वेल्डिंगच्या एखाद्या दुकानापुढे थांबा. उसाची नवी ट्रॉली असो की वाड्याचे फाटक, त्यावर पहिला हात तांबड्याच रंगाचा, रेड ऑक्साईडचा. निळा-हिरवा रंग नंतर, गिऱ्हाईक सांगेल तो. अमेरिकेतली लाकडी कोठारे लाल दिसतात, त्यातही मूळ माल हाच: लोखंडाचा गंज.

तिकडचे जुने शेतकरी जवसाच्या तेलात गंजाची पूड, कधी दूध आणि चुना कालवून फळ्यांना लावत. तेल लाकडात मुरून पाणी अडवी, गंज उन्हाचा मारा सोशी. शिवाय तो फुकटात पडे. गाईंना घर ओळखू यावे म्हणून लाल, असेही कोणी सांगतो. पण गाईला लाल रंग धड दिसतच नाही. स्वीडनमध्ये फालूनच्या तांब्याच्या खाणीतली लोहमाती पीठ आणि जवसाच्या तेलाबरोबर शिजवून घरे रंगवतात. खाण 1992 मध्ये बंद पडली, रंग अजून निघतो.

एवढा गंज स्वस्त का? कारण लोखंडच उदंड. मोठ्या ताऱ्याच्या पोटात हलकी मूलद्रव्ये जुळत जातात आणि त्यातून ऊर्जा निघते. लोखंडापाशी हा नफ्याचा धंदा संपतो. तारा फुटतो आणि माल अवकाशात विखुरतो. पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे 5 टक्के लोखंड आहे. मराठवाड्यात विहीर खोदताना काळ्या पाषाणाच्या मधेच तांबडा थर लागतो, त्याला लोक गेरूच म्हणतात. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचा एक थर निवला, हवापाण्याने त्याचा माथा कुजून लाल झाला आणि त्यावर पुढचा लाव्हा पसरला.

एवढा गेरू पायाखाली असून आपला गोठा लाल का नाही? लाकूड रंगाविना सडते. आपल्या गोठ्याच्या मातीच्या भिंतीला मात्र शेणमातीचा हात पुरतो. म्हणून गेरू मोजक्या जागी राहिला: घराचे जोते, तुळशीवृंदावन, पोळ्याच्या बैलाच्या पाठीवरचे ठिपके.

आणि झाडांची खोडे. रस्त्याकडेची गेरू-चुन्याची झाडे पाहून मोसंबीलाही नुसता गेरू फासणारे आहेत. त्याने बाग नटते, पण खोडातून डिंक गळण्याचा रोग, डिंक्या, थांबत नाही. त्याला बोर्डो पेस्टच हवी: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवा, मग एकत्र करा. आणि मोरचुदासाठी लोखंडी बादली घेऊ नका. द्रावणातले तांबे लोखंडावर जाऊन बसते आणि पेस्टचा जोर जातो. प्लास्टिकची बादली घ्या.