मोटारीचे मेण आणि उन्हाळ्यातील दोन बादल्या

‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण ज्या मुलखास अक्षरशः लागू पडते, त्या शहापूर तालुक्यात मोटार धुणे ही केवळ हौसेची बाब राहत नाही. मुंबईची तहान भागविणारा तानसा तलाव येथे १८९२ साली पुरा झाला. १९५७ साली वैतरणेवर मोडकसागर उभा राहिला. पुढे भातसा धरण आले आणि २०१४ साली मध्य वैतरणा. मुंबई शहरास रोज चारशे कोटी लिटरांच्या घरात जे पाणी पुरविले जाते, त्याचा फार मोठा भाग याच डोंगराळ प्रदेशातून जातो. आणि याच प्रदेशातील कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागतात. शेजारच्या मुरबाड तालुक्याची कथाही फारशी निराळी नाही. पावसाळ्यात ढोबळमानाने शंभर इंच पाऊस घेणारी ही भूमी. परंतु काळ्या कातळावरून पाणी वाहून जाते, आणि होळी उलटली की विहिरींचे तळ दिसू लागतात.

दुसऱ्या बाजूने पाहावे, तर मोटार ही आता येथील मध्यम स्थितीच्या कुटुंबांतही आवश्यक वस्तू होऊन बसली आहे. मुंबई-आग्रा रस्ता शहापुरावरून जातो, कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता मुरबाडातून जातो, आणि जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाल्यापासून तालुक्यातून धावणाऱ्या वाहनांत आणखी भर पडली आहे. खडी वाहणारे ट्रक, वीटभट्ट्यांची राख आणि कच्च्या रस्त्यांची तांबडी माती यांमुळे शहापुराहून मुरबाडास एक फेरी झाली, की गाडीचा मूळ रंग ओळखू येत नाही. ती रोज धुवावी तर पाण्याची उधळपट्टी. न धुवावी तर रंगाचा नाश. आणि कोरड्या फडक्याने झटकावी तर तो उपाय रोगाहून भयंकर! कारण येथील धूळ म्हणजे बहुतांशी काळ्या दगडाची पूड. ती रंगापेक्षा कितीतरी कठीण असते, आणि फडक्याखाली सापडली की कानशीप्रमाणे काम करते. उन्हात गाडी तिरपी पाहिली असता जी कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे दिसतात, ती बहुधा या रोजच्या कोरड्या पुसण्याचीच देणगी असते.

या तिहेरी पेचातून काही वाट निघते काय, या जिज्ञासेने आम्ही बाजारात ‘पेस्ट वॅक्स’ या नावाने चपट्या डबीत मिळणारे मेण आणविले. घरातील वडीलधाऱ्या मंडळींनी प्रथमच आक्षेप घेतला. “अहो, गाडीला लोणी फासल्याने ती काय अधिक वेगाने धावणार आहे?” असा प्रश्न माजघरातून आला. तो अगदीच गैरवाजवी नव्हता. चकाकीसाठी पैसे खर्चणे हे आमच्या घराच्या वळणात बसणारे नाही. म्हणून असे ठरले की, संपूर्ण गाडीला मेण न लावता प्रथम बॉनेटच्या मधोमध कागदी चिकटपट्टी लावावी, उजव्या अर्ध्या भागास मेण द्यावे, डावा तसाच ठेवावा, आणि माघ अखेरीपासून मृगाच्या पावसापर्यंत दोहोंत काय फरक पडतो ते सर्वांनी पाहावे. गाडी गर्द निळ्या रंगाची असल्याने डाग व ओरखडे सहज दिसणार होते.

या प्रयोगाचे फळ सांगण्यापूर्वी मेण करते काय, हे समजून घेतले पाहिजे. ‘अळवावरचे पाणी’ हा वाक्प्रचार आपणा सर्वांच्या तोंडी असतो. अळूच्या पानावर पाणी ठरत नाही, कारण निसर्गाने त्यावर मेणाचा अत्यंत पातळ थर दिलेला असतो आणि त्या थराखाली डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म उंचवटे असतात. मोटारीच्या उत्तम मेणात जे कार्नोबा नावाचे मेण असते, तेही पानांवरचेच. ब्राझील देशाच्या ईशान्य भागात या जातीचे ताडवर्गीय वृक्ष आहेत. तेथील कोरड्या ऋतूत पानांतील ओल उडून जाऊ नये म्हणून ते मेण पानावर धरते. पाने तोडून वाळवितात, झोडपतात, आणि झडलेली पूड वितळवून मेणाच्या ढेपा करतात. हे मेण फार कठीण असल्यामुळे त्यात टर्पेंटाइनसारखे उडून जाणारे द्रव्य व इतर मऊ मेणे मिसळून त्याचा मलम बनवितात. मलम पृष्ठभागावर पसरला की द्रव्य उडून जाते आणि मेण मागे राहते.

आता मोटारीचा रंग. आजच्या गाड्यांत पत्र्यावर प्रथम गंज रोखणारा थर, त्यावर अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांत वर ‘क्लिअर कोट’ नावाचा पारदर्शक थर असतो. हे सर्व थर मिळून मिलिमीटरच्या आठव्या-दहाव्या हिश्शाएवढेच होतात. आणि वरचा पारदर्शक थर तर आपल्या डोक्याच्या केसाहूनही सहसा पातळच. गाडीची सारी चकाकी या थरावर अवलंबून असते. तो एकदा झिजला की परत येत नाही. गाडी पुन्हा रंगवावी लागते. मेणाचा थर त्याहूनही कितीतरी पातळ, मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी. तेव्हा मेण म्हणजे चिलखत नव्हे. फार तर उपरणे म्हणावे. ऊन, चिकटा व मळ यांचा पहिला स्पर्श उपरण्यास होतो, आणि ते मळले वा विरले तर दुसरे घेता येते. त्याची उपयुक्तता एवढीच, पण ती खरी आहे.

येथे एक मोह साहजिक आहे. माहुलीच्या व सिद्धगडाच्या परिसरातील ठाकूर व कातकरी बांधव मोहोळे उतरवितात; मग मधमाश्यांचे मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून घरीच मलम का करू नये? लाकडासाठी अवश्य करावा. झोपाळ्याच्या पाटास, देव्हाऱ्यास व जुन्या फडताळांस त्यासारखे पॉलिश नाही. परंतु मधमाश्यांचे मेण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला वितळते, आणि वैशाखातील दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गडद रंगाच्या गाडीचा पत्रा साठ-सत्तर अंशांपर्यंत तापू शकतो. मेण मऊ पडून त्यावर धूळ चिकटून बसते. कार्नोबा मेण ८२ ते ८६ अंशांपर्यंत टिकते. सातासमुद्रापलीकडील पानाचे मेण येथे का मागवावे लागते, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

असो. आता प्रयोगाचा वृत्तांत.

पहिल्या दिवशी चकाकीत फारसा भेद आढळला नाही. पट्टी काढून घरातील मंडळींस ओळखावयास सांगितले, तेव्हा निम्म्यांनी डावा भाग मेणाचा म्हणून सांगितला! बोटांस मात्र फरक कळत होता. उजव्या बाजूवर फडके घसरत होते, डावीकडे किंचित अडखळत होते. धूळही दोहोंकडे सारखीच बसे. मेण लावल्याने धूळ बसत नाही ही समजूत चुकीची आहे.

फाल्गुनात खरी परीक्षा झाली. आंब्याच्या झाडाखाली गाडी उभी करणाऱ्यांना मोहोराच्या दिवसांतील चिकटा परिचित असेलच. तुडतुडे नावाचे बारीक कीटक मोहोराचा रस शोषतात आणि त्यांच्या अंगचा गोड, चिकट स्राव खाली ठिबकतो. त्यावर धूळ बसून काळे ठिपके होतात. उजव्या बाजूवरील ठिपके ओले फडके पाच मिनिटे ठेवताच सुटून आले. डावीकडे घासावे लागले, आणि घासणे म्हणजेच ओरखडे. पक्ष्यांच्या विष्ठेचेही तेच. ती आम्लधर्मी असल्याने दोन-तीन दिवस राहिली तर रंगावर मंद कडे उमटते. डाव्या बाजूस असे एक कडे आजही दिसते. तथापि विष्ठा दिसताच ओल्या फडक्याने काढावी हे मेण लावलेल्या गाडीसही लागू आहे.

मेणाच्या मर्यादाही लवकरच कळल्या. मुरबाडच्या रस्त्यावर पुढच्या ट्रकमधून उडालेली खडी दोन्ही बाजूंस सारखीच लागली. रंगाचा टवका उडून पत्रा उघडा पडला, की तेथे मेण चोळणे व्यर्थ. रंगाचे बोट लावूनच गंज थांबवावा लागतो. जुने ओरखडेही मेणाने बुजत नाहीत. आणि मेणाचे आयुष्य! प्रारंभी उजव्या बाजूवर पाण्याचे टपोरे मणी होत. वैशाखाच्या मध्यास ते पसरट झाले, आणि मृगाची पहिली सर आली तेव्हा दोन्ही भाग सारखेच भिजत होते. म्हणजे आमच्या उन्हात एका लेपाचे आयुष्य सुमारे अडीच महिने. यापेक्षा फार मोठी आश्वासने वाचली, तर ती कोणत्या हवेत दिली आहेत ते पाहावे.

परंतु ज्यासाठी हा खटाटोप केला, त्याचे उत्तर बॉनेटवर नव्हे, बादलीत मिळाले. चैत्रात उजव्या भागावरील मळ लवकर सुटतो असे पाहून आम्ही डावा भाग तेवढा सोडून बाकी सर्व गाडीस मेण दिले. पूर्वी गाडी नीट धुण्यास पंधरा लिटरांच्या चार बादल्या लागत. आता दोन पुरू लागल्या. नळी लावून धुणाऱ्यांचा हिशेब तर विचारूच नये, कारण नळीतून मिनिटास दहा-पंधरा लिटर पाणी सहज वाहून जाते. आठवड्यास एकच धुणे धरले, तरी उन्हाळ्याच्या चार महिन्यांत दोन-दोन बादल्यांचे पाचशे लिटर होतात. मुंबईच्या चारशे कोटींपुढे पाचशे लिटर म्हणजे समुद्रातील थेंब, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. मात्र आमच्या अंगणातून गटारात जाणारा ओघ मुंबईस दिसत नाही. तो दिसतो डोक्यावर हंडा घेऊन फाटकावरून जाणाऱ्या बायांना. त्यांतील एखादी आपल्याच घरी धुणीभांडी करीत असते. तिच्या घरच्या पिण्याच्या पाण्याएवढे पाणी आपण तिच्यासमोर चाकांवर ओतावे, हे कोणत्याही सुसंस्कृत गृहस्थास शोभणारे नाही. माजघरातील आक्षेपही याच मुद्द्यावर मावळला.

ज्या कुटुंबांस हा उपाय करून पाहावयाचा असेल, त्यांच्यासाठी कृती थोडक्यात देतो. विहिरीस पाणी असते अशा दिवसांत एकदा गाडी स्वच्छ धुवावी. कपडे धुण्याची पूड वापरू नये, तिने मेण निघून जाते; गाडीसाठी मिळणारा सौम्य साबण घ्यावा. एक बादली साबणाची व दुसरी फडके खळबळण्याची, अशा दोन बादल्या वेगळ्या ठेवाव्या, म्हणजे खडे पुन्हा रंगावर जात नाहीत. धुऊन झाल्यावर लगेच टिपून घ्यावी. कूपनलिकेचे जड पाणी वाळले तर पांढरे ठिपके राहतात. पत्रा थंड असताना, सावलीत, सकाळी काम करावे. ओलसर स्पंजावर नखाएवढे मेण घेऊन हातभर जागेवर अगदी पातळ पसरावे. जाड थराने संरक्षण वाढत नाही. केवळ पुसण्याचे श्रम वाढतात. थोड्या वेळाने लेप धुरकट होतो. बोट ओढून पाहावे. खाली स्वच्छ रेघ उमटली की मऊ मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसून काढावे. काळ्या प्लास्टिकच्या भागांवर मेण लागू देऊ नये, तेथे पांढरा डाग राहतो. डबीतील द्रव्य पेट घेणारे असते, म्हणून ती देवघरातील समईपासून व स्वयंपाकघरापासून दूर ठेवावी. घरातील मुलांनी हे काम अवश्य करावे. गाडीच्या प्रत्येक इंचावरून हात फिरल्याने कोठे टवका उडाला आहे, कोठे गंज धरू लागला आहे, हे वेळीच ध्यानात येते. आणि आमच्या मते हा लाभ मेणाहून कमी नाही.

वर्षातून किमान दोनदा मेण द्यावे: एकदा माघात, उन्हाचा ताप वाढण्यापूर्वी, आणि दुसऱ्यांदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी. त्या सुमारास पावसाळा सरलेला असतो, विहिरी भरलेल्या असतात, आणि गाडी धुतली जातेच. शिवाय खंडेनवमीस वा दसऱ्यास बॉनेटवर ओल्या कुंकवाचे स्वस्तिक काढतात. ते कुंकू आणि हळद रंगात मुरून पुढे दिवाळीपर्यंत दिसत राहते. मेणावरचे स्वस्तिक ओल्या फडक्याने सहज निघते. पूजाही यथासांग होते आणि रंगही शाबूत राहतो.